रबरावरचे पांढरे डाग आणि व्हिनेगर: एका प्रतिक्रियेला उत्तर

गाडीच्या रबरावरचे आणि काळ्या प्लास्टिकवरचे पाण्याचे पांढरे डाग पातळ व्हिनेगरने काढता येतात, असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत: "ताई, स्वयंपाकघरातले प्रयोग गाडीवर नकोत. व्हिनेगरने रबर कडक होऊन चिरतं. ड्रेसिंग मारून घ्या, डाग जातात. दुसऱ्या फोटोतलं प्लास्टिक ओलं दिसतंय." (ड्रेसिंग म्हणजे रबर-प्लास्टिक काळं चकचकीत दिसावं म्हणून लावतात ते द्रव.)

मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पहिल्या वाक्याला. लेखावर पुरुषाचं नाव असतं तर "दादा, स्वयंपाकघरातले प्रयोग नकोत" असं आपण लिहिलं असतं का? बाटली घरातल्या कुठल्या खोलीत ठेवली आहे यावर व्हिनेगरचा गुण ठरत नाही. त्यात साधारण पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं, डागात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि डाग विरघळतो. हे शाळेत शिकवतात, मुलींनाही.

माझं लहानपण सोलापुरात गेलं. घरात बोअरचं पाणी, तांब्याच्या आत कायम पांढरा थर. बाबांची प्रीमियर पद्मिनी होती आणि दर रविवारी ती धुण्याचं काम माझं. अंगणात ऊन, एक बादली आणि जुनं धोतर. एक बाजू पुसून होईपर्यंत दुसरी वाळलेली असायची, आणि काचांच्या रबरावर पांढरे ठिपके उमटायचे. बाबा त्यावर लिंबाची फोड फिरवायचे आणि लगेच पाणी ओतायला सांगायचे. ते माणूस म्हणून तापट होते, पण गाडीपाशी कधी घाई केली नाही. आता पुण्यात सोसायटीत टँकरचं पाणी येतं आणि माझी गाडी अकरा वर्षं मीच धुते आहे. दारांची रबरं मूळचीच आहेत. जुलैच्या पावसात आत थेंब येत नाही. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

पाण्याचंही बोलू. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, पाण्याच्या जडपणाची, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम धरतं. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. त्या 600 वालं दहा लिटर पाणी गाडीवरच वाळलं तर सहा ग्रॅम क्षार मागे राहतात. रंगावरून ते घासून निघतात, बंपरच्या खालच्या खरबरीत प्लास्टिकमध्ये मात्र खाचाखाचांत बसतात. नुसत्या शाम्पूने ते हलत नाहीत.

एक गोष्ट मान्य. मूळ लेखात मी "पातळ" एवढंच म्हटलं होतं, प्रमाण दिलं नव्हतं. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. गाडी सावलीत आणि गार हवी. फडक्याला लावून डागावर टेकवायचं, एक-दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. हे आता लेखात घातलं आहे. रबर कडक होतं ते मुख्यतः उन्हाने, ओझोनने आणि वयाने. दारांची रबरं बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात आणि त्यांना पातळ अ‍ॅसिटिक आम्ल सोसतं. या मुद्द्यावर आणखी काही लिहावं असं मला वाटत नाही.

ड्रेसिंगने डाग जात नाहीत, झाकले जातात. त्यातल्या सिलिकॉन तेलाने पृष्ठभाग काळा दिसतो, खाली क्षार तसेच. एका सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे मोजून मी ते करून घेतलं होतं. दोन धुण्यांनंतर तेच डाग त्याच जागी होते, वर तेलावर बसलेली धूळ. डाग काढून मग ड्रेसिंग लावा, मी कुठे नाही म्हटलं? तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता तर हे वाक्य तुम्हाला दिसलं असतं.

फोटोबद्दल मी काहीही लिहिणार नाही. माझ्या प्रामाणिकपणावर शंका घेणाऱ्याला फोटो दाखवून उपयोग नसतो.

आणि कृपया मला "ताई" म्हणू नका. "ताई" म्हणायचं आणि त्याच वाक्यात गप्प बसवायचं, ही रीत मला फार जुनी ओळखीची आहे. तुमच्याच गाडीच्या मागच्या दाराच्या रबरावर, बोटभर जागेत, वर दिलेल्या प्रमाणाने करून बघा. वाळू द्या, दुसऱ्या दिवशी परत बघा आणि मग लिहा.