पन्नास उंदीर आणि एक 'लक्षणीय' गाठ

'या पदार्थाने कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही.' हे वाक्य वाचलं की माझा पहिला प्रश्न: चाचणीत प्राणी किती होते हो? बहुतेक वेळा एकेका गटात 50 नर, 50 माद्या, आणि दोन वर्षं.

आता जरा आकडेमोड करू. साधं खाणं दिलेल्या 50 उंदरांत एकालाही गाठ नाही, पदार्थ दिलेल्या 50 पैकी चौघांना आहे. दोन गटांतला फरक तपासणारी, फक्त वाढ झाली का एवढंच बघणारी फिशरची एकतर्फी चाचणी लावा, पी-व्हॅल्यू (पदार्थाचा काही परिणाम नसताना, नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) येते 0.059. ती 0.05 च्या खाली गेली तरच 'लक्षणीय' म्हणायची रीत, म्हणून निकाल: 'लक्षणीय नाही'. पाचव्याला गाठ निघाली की 0.028, लगेच लक्षणीय! म्हणजे दहात एकाला कॅन्सर होईपर्यंत चाचणी गप्प बसू शकते. माणसांत हजारात एकाला झाला, तरी एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर रुग्ण होतील.

म्हणून तर उंदराला झेपेल तेवढा जास्तीत जास्त डोस देतात. त्यावर 'एवढं खातं कोण?' ही थट्टा ठरलेली, आणि पुरावा म्हणून सॅकरिन, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोड पदार्थ. 1977 मध्ये उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठींवरून अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला. बंदी टळली, पण पाकिटावर इशारा छापावा लागला, तो 2000 मध्ये निघाला. का? तर नर उंदराच्या लघवीत साका धरून मूत्राशयाला इजा होते, माणसात तसं होत नाही, हे संशोधकांनी दाखवलं म्हणून. नुसत्या थट्टेवर सॅकरिन सुटलेलं नाही.

आणखी एक भानगड, माझ्या विशेष आवडीची. जास्त डोसवाले उंदीर विषबाधेने लवकर मेले, तर गाठ व्हायला वेळच उरत नाही. सगळ्यांत विषारी गट सगळ्यांत निरोगी दिसतो. पॉली-3 चाचणी याचा हिशेब ठेवते: निम्म्या मुदतीत, गाठ न होता मेलेला उंदीर एक म्हणून मोजत नाहीत, निम्म्याचा घन, म्हणजे एक अष्टमांश धरतात. काय सुंदर युक्ती आहे!

उलट बाजूही आहेच. इतके अवयव, नर-मादी, उंदरांच्या दोन जाती एवढं तपासल्यावर काहीतरी योगायोगाने 'लक्षणीय' निघणारच. म्हणून गटागटाची तुलना करताना अमेरिकेची औषध-अन्न नियामक संस्था एफडीए नेहमीच्या गाठींना 0.01 ची कडक रेषा लावते, दुर्मिळ गाठींना 0.05 ची.

बातमी देणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच: कितीपैकी किती, ते छापा. आणि 'काही आढळलं नाही' असं लिहिणार असाल, तर कमीत कमी किती वाढ झाली असती तर ती आढळली असती, तेही छापा. फार तर दोन ओळी जास्त जातील.