‘८८ टक्के चूक कामगाराची’: खाणीतल्या मृत्यूंबद्दलच्या एका लाडक्या संदेशाची झडती

सुरक्षा सप्ताह आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. हेल्मेट घातलेल्या हसऱ्या कामगाराचं चित्र आणि त्याखाली मजकूर: “खाणीतले ८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीने होतात. हेल्मेट-बूट घाला, लक्ष देऊन काम करा. छोटे अपघात थांबवा, मोठे आपोआप थांबतील. अनुभवी माणसाला धोका आधीच कळतो. बाकी खाण म्हटली की थोडा धोका असायचाच.” पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे आणि बाकीची चुकीच्या जागी बोट दाखवतात. अर्ध्या खऱ्याकडे शेवटी येऊ.

“८८ टक्के चूक कामगाराची”

हा आकडा १९३१ सालचा. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी विम्याच्या दाव्यांच्या फायली आणि कारखान्यांच्या नोंदी मिळून ७५,००० अपघातांची वर्गवारी केली. ८८ टक्के असुरक्षित कृती, १० टक्के असुरक्षित परिस्थिती, २ टक्के टाळता न येणारे. तो खाणींचा वेगळा अभ्यास नव्हता, आणि प्रत्येक अपघात एकाच खणात टाकायचा असं ठरवलेलं होतं. घोळ तिथेच आहे.

कन्व्हेयर पट्ट्याचं उदाहरण घ्या. टेल पुलीपाशी, म्हणजे पट्टा मागच्या टोकाला ज्या चाकावरून वळतो तिथे, सांडलेला कोळसा फावड्याने काढताना कामगाराचा हात ओढला गेला. अहवाल सुपरवायझर लिहितो: ‘चालू पट्ट्याजवळ हात नेला.’ झाली असुरक्षित कृती. पुलीची जाळी मागच्या दुरुस्तीला काढली ती परत बसवलीच नव्हती, पट्टा बंद करायची ओढदोरी सैल पडून स्विचच ओढत नव्हती, कडेने कोळसा अडवणारं स्कर्ट रबर झिजल्यामुळे कोळसा रोज तिथेच सांडत होता आणि पट्टा थांबवला की पाळीचं उत्पादन कोणी बुडवलं याची विचारणा होत होती. ही चार कारणं त्या एका खणात मावत नाहीत, म्हणून ती मोजलीच जात नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात २००० ते २०१९ या काळात खाणींत आणि दगडखाणींत झालेल्या सगळ्या ४७ मृत्यूंचा अभियंता शॉन ब्रेडी यांनी आढावा घेतला. त्यातल्या १७ घटनांत मानवी चूक अजिबात आढळली नाही. जिथे आढळली, तिथेही बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण, देखरेख किंवा धोका रोखणारी व्यवस्था यातलं काहीतरी कमी पडलेलं होतं.

आणि ब्राझीलमधलं ब्रुमाजिन्यो? २५ जानेवारी २०१९ला लोहखाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. कँटीन आणि कार्यालय बांधाच्या खालच्या अंगाला होतं, वेळ जेवणाची होती. आधी साठलेल्या गाळावरच पुढचे टप्पे चढवत नेलेला बांध होता तो. असा गाळ पाण्याने भरलेला राहिला तर एका क्षणात पातळ होऊन वाहू लागतो. जेवायला बसणं ही कोणती असुरक्षित कृती?

“हेल्मेट-बूट घाला”

घालाच. पण हेल्मेट किती सोसतं हे एकदा मोजून बघा. औद्योगिक हेल्मेटची युरोपीय चाचणी ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकून होते, म्हणजे सुमारे ४९ ज्यूल. आता छताचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड पापुद्रा घ्या. घनता घनमीटरला २.५ टन धरली तर वजन ७५० किलो. तो मीटरभर खाली आला तर साधारण ७,३५० ज्यूल, चाचणीच्या दीडशे पट. हेल्मेट छतातून निसटलेल्या खड्यासाठी असतं, छतासाठी नाही.

छत धरून ठेवतो तो खडकात भोक पाडून बसवलेला बोल्ट, आणि बोल्ट नेमका कुठे फसतो ते खालून दिसत नाही. रेझिनने, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्याने, बसवलेल्या बोल्टला भोवती ३ मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा लागते: २२ मिमीचा बोल्ट, २८ मिमीचं भोक. हाताशी ३५ मिमीचा बिट (भोक पाडायचं टोक) आहे म्हणून तोच वापरला तर रेझिन नीट घुसळलं जात नाही आणि रेझिन भरलेल्या कॅप्सूलचं प्लॅस्टिक न फाटता हातमोज्यासारखं बोल्टभोवती गुंडाळलं जातं. भोक बोल्टपेक्षा लांब पाडलं तर रेझिनचा काही भाग वरच राहून जातो. कमी फिरवला तर दोन घटक मिसळत नाहीत, आणि घट्ट व्हायला लागल्यावरही फिरवत राहिलं तर धरू लागलेली पकड मोडते. चारही वेळा खालून दिसणारी प्लेट मात्र अगदी झकास बसलेली असते! म्हणून ठरावीक बोल्टवर हायड्रॉलिक जॅक लावून ओढ-चाचणी घ्यायची, बिटची जाडी पाळीच्या सुरुवातीला गेजने मोजायची आणि कॅप्सूलच्या पेटीवरची मुदत बघायची. उष्ण जागी ठेवलेलं रेझिन मुदतीआधीच बिघडतं.

“छोटे अपघात थांबवा, मोठे आपोआप थांबतील”

हेही हाइनरिख यांचंच. ३०० बिनइजेचे प्रसंग, २९ किरकोळ इजा, १ गंभीर इजा असा त्यांचा त्रिकोण. त्यातून सोयीचा अर्थ काढला गेला की बोटं चेचणं कमी केलं की स्फोटही कमी होतील. पण बोट चेचतं हातोडीने आणि स्फोट होतो कोळशातून सुटणाऱ्या मिथेन वायूने. एकाचा बंदोबस्त केल्याने दुसरा हलत नाही.

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत १९ नोव्हेंबर २०१०ला स्फोट होऊन २९ जण गेले. चौकशी आयोगाला काय सापडलं बघा: स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणापर्यंत पोचल्याच्या २१ नोंदी, आणि त्याहून कमी पण धोकादायक पातळीच्या आणखी २७. म्हणजे माणसं लिहून देत होती. या ४८ नोंदींत कोणाला खरचटलंही नसेल तर इजांच्या तक्त्यात त्या येणारच नाहीत. ‘इतके दिवस बिनअपघात’चा फलक मात्र रोज एकाने वाढतो. शिवाय मुख्य पंखा जमिनीखाली बसवलेला होता, तो पहिल्याच स्फोटात निकामी झाला.

मोजायचं असेल तर हे मोजा: गॅसमुळे वीज किती वेळा तुटली, डंपरचा ब्रेक तपासणीत किती वेळा नापास झाला, रस्त्याच्या कडेचा मातीचा बांध सगळ्यात मोठ्या गाडीच्या आसाच्या उंचीपेक्षा किती ठिकाणी खाली गेला. इजा झालेल्या माणसाला पट्टी बांधून कार्यालयात बसवलं की इजेचा आकडा सुधारतो. बांधाची उंची अशी सुधारता येत नाही.

“अनुभवी माणसाला धोका आधीच कळतो”

छताचा आवाज कळतो, हे मान्य. गॅस कळत नाही. मिथेनला रंग नाही, वास नाही. हवेत ५ ते १५ टक्के असला की तो स्फोटक, ९.५ टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जोरकस. हवेपेक्षा जवळजवळ निम्मा हलका असल्यामुळे वाऱ्याचा वेग कमी असेल तिथे तो छताला थर धरून राहतो. मीटर छातीशी धरलं तर ०.४ टक्के दिसेल आणि त्याच वेळी डोक्यावर ६ टक्क्यांचा थर असेल. म्हणून नळी लावलेली दांडी छतापर्यंत न्यायची, छत वर चढून खळगा झालेल्या जागी आणि आंधळ्या बोगद्याच्या टोकाला तर नक्कीच. आणखी एक खोच: नेहमीचा उत्प्रेरकी सेन्सर मिथेन जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो; गॅस फार वाढला की ऑक्सिजन कमी पडतो आणि आकडा खोटाच खाली येतो. आकडा झपकन वर जाऊन खाली आला तर गॅस ओसरला असं न समजता, तो सेन्सरच्या आवाक्याबाहेर गेला असं धरून मागे फिरायचं. बहुतेक देशांच्या नियमांत १ ते १.२५ टक्क्यांवर वीज तोडायची असते, म्हणजे ५ टक्क्यांपासून बरंच दूर. ही मर्यादा ‘जरा जास्त कडक आहे’ म्हणणाऱ्याने छताचा थर आठवावा.

कोळशाची धूळ तर अनुभवाला आणखी फसवते, कारण ती रोजचीच. १० मार्च १९०६ला फ्रान्समध्ये कूरिएरच्या खाणीत १,०९९ माणसं गेली, ती धुळीच्या स्फोटात. गॅसचा छोटा भडका धूळ उडवतो आणि उडालेली धूळ पुढचा भडका होते. अमेरिकेत अप्पर बिग ब्रँच खाणीत ५ एप्रिल २०१०ला २९ जण गेले, तिथेही सरकारी तपासात हीच साखळी निघाली: कापणी यंत्राचे झिजलेले दात, काम न करणारे पाण्याचे फवारे, आणि धूळ पेटू नये म्हणून पसरायची चुनखडीची पूड पुरेशी न टाकल्यामुळे पेटत गेलेली धूळ. दात बदलणं, फवारे साफ करणं, पूड टाकणं ही तीनही कामं स्वस्त आणि कंटाळवाणी आहेत.

“खाण म्हटली की धोका असायचाच”

अमेरिकेतल्या कोळसा खाणींत १९०७ साली ३,२४२ मृत्यू झाले, २०१६ साली ८. कामगारही घटले, हे खरं. पण हजार कामगारांमागे जवळपास पाचावरून हे प्रमाण ०.१च्या आसपास आलं. धंदा तोच आहे.

“लक्ष देऊन काम करा”

हेच ते अर्धं खरं. आधार न दिलेल्या छताखाली जाऊ नये, चालू यंत्रात हात घालू नये, हे माणसालाच पाळावं लागतं. मात्र ते पाळता येईल अशी सोय आधी लागते. दुरुस्तीचंच घ्या. पट्ट्याचं स्टॉप बटण दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे. आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, उघडायचा, त्यावर प्रत्येक फिटरने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. मग साठलेली ताकद काढायची: पट्टा ताणून धरणारं टेकअपचं वजन खाली टेकवायचं किंवा अडकवायचं, हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब शून्यावर आणायचा, डंपरची उचललेली बॉडी पिनेवर टेकवायची. त्यानंतर स्टार्टचं बटण दाबून बघायचं, कारण कुलूप शेजारच्या पट्ट्याच्या आयसोलेटरवर लागल्याची उदाहरणं कमी नाहीत. दहा फिटर असतील तर दहा कुलपं आणि आयसोलेटरची किल्ली आत ठेवून सगळ्यांनी आपापलं कुलूप लावायची एक सामायिक पेटी भांडारात हवी. पाळी बदलल्यावर एखादं कुलूप तसंच राहिलं आणि कापायची वेळ आली, तर त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून तो यंत्रापाशी नाही हे पक्कं करायचं. हजेरीच्या वहीवर विसंबायचं नाही.