बाहुल्यांच्या लेखावर ‘चिकित्सक’ यांना उत्तर

चिकित्सक, उत्तराला उशीर झाला. तुमची प्रतिक्रिया वाचून क्लार्क दांपत्याचा बाहुल्यांच्या प्रयोगावरचा निबंध पुन्हा काढून बसले होते. तुमचं म्हणणं असं की, “माझ्या मुलीनेही दुकानात गोरीच बाहुली उचलली. तेवढ्यावरून अमेरिकेतल्या काळ्या मुलांना न्यूनगंड होता म्हणणं म्हणजे राईचा पर्वत.”

‘न्यूनगंड’ हा शब्द माझा, आणि तो चुकलाच. केनेथ आणि मेमी क्लार्क, दोघंही काळे मानसशास्त्रज्ञ. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे त्यांनी चार बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. बाकी साचा एकच. खेळायला गोरी मागणारी मुलं निघाली ६७ टक्के. पण गोरी बाहुली मागणारं मूल स्वतःला कमी लेखतंच असं नाही. पुढे रोझेनबर्ग आणि सिमन्स या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहराच्या शाळांत पाहिलं, तर काळ्या मुलांचा स्वाभिमान गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हता. हा मुद्दा तुमचा, मान्य.

तुमच्या मुलीला मात्र दुकानात पुढचे प्रश्न कुणी विचारले नाहीत. ‘वाईट दिसते ती दे’ म्हटल्यावर ५९ टक्के मुलांनी तपकिरी दिली. आणि सगळ्यात शेवटी, ‘तुझ्यासारखी दिसते ती दे.’ हा प्रश्न शेवटी का, तेही १९४७च्या त्या निबंधात आहे. सुरुवातीच्या चाचणीत तो आधी विचारला, तेव्हा तपकिरी बाहुलीला ‘ही मी’ म्हणालेली मुलं नंतर तिलाच पसंत करू लागली. म्हणून क्रम फिरवला. (तुमच्या बाजूचा इतका भक्कम पुरावा तुमच्या नजरेतून सुटला कसा?) मला त्यात वेगळंच दिसतं. मूल आपल्या बाहुलीची बाजू घ्यायला तयार आहे, आणि जग तिला काय म्हणतं तेही त्याला पाठ आहे. वय पाच.

त्या शेवटच्या प्रश्नावर मॅसॅच्युसेट्समधली काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. तिथे, उत्तरेत, तर काळी-गोरी मुलं एकाच शाळेत शिकत होती. दक्षिणेतल्या आर्कान्सामध्ये शाळा वेगळ्या होत्या; तिथल्या एका मुलाने मात्र हसत तपकिरी बाहुलीकडे बोट केलं आणि गोरे देतात ती शिवीच स्वतःची ओळख म्हणून सांगितली. केनेथ क्लार्कना त्या रडण्याइतकंच, किंबहुना जास्तच, हे हसणं मनाला लागलं.

मूळ लेखातून ‘न्यूनगंड’ काढलाय. त्या हसण्याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.