हुआलिएन कुठे गेलं?
तैवानच्या उपराष्ट्राध्यक्ष श्याओ बी-खिम यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण तुम्ही वॉशिंग्टनमधून थेट २०२४ च्या उपराष्ट्राध्यक्षपदावर उडी मारलीत! वॉशिंग्टनच्या आधीचं, तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरचं हुआलिएन राहिलंच की. एकीकडे डोंगर, दुसरीकडे पॅसिफिक, मध्ये चिंचोळी पट्टी. आणि मतदार पिढ्यान्‌पिढ्या कुओमिंतांग या प्रतिस्पर्धी पक्षाचे. जन्म जपानमधल्या कोबेचा, आई अमेरिकन, बालपण ताइनानमध्ये, अशा या बाई डीपीपीच्या (डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या) तिकिटावर तिथे २०१० च्या पोटनिवडणुकीत उभ्या राहिल्या आणि पडल्या. २०१२ ला पक्षाच्या यादीतून संसदेत गेल्या, म्हणजे सुरक्षित जागा मिळालीच होती, तरी हुआलिएन सोडलं नाही. २०१६ ला तिथूनच निवडून आल्या. २०२० ला तिथेच पुन्हा पडल्या, या वेळी फू कुन-ची यांच्याकडून. त्याच वर्षी त्या तैवानच्या प्रतिनिधी म्हणून अमेरिकेला गेल्या. हरल्या नसत्या तर गेल्या असत्या का? मला तरी वाटत नाही.

बाकी मांजरांचा उल्लेख हवाच होता. चीनचे मुत्सद्दी आक्रमक बोलण्यामुळे 'लांडगे योद्धे' म्हणून ओळखले जातात, तर या स्वतःला 'मांजर योद्धा' म्हणवतात. घरात खरोखरच मांजरं आहेत. चीनने दोनदा निर्बंध घातले तरी बाईंचा सूर तसाच मवाळ. मांजर वाघाची मावशी, हे बीजिंगला कुणी सांगितलेलं दिसत नाही!