लोडसेल चांगला आहे, चुकलं ते आमच्या काउंटरवर

नमस्कार साहेब,

“लोडसेल बोगस, अ‍ॅम्प्लिफायर बोगस, काउंटरवर कुणाला काही कळत नाही” असं लिहून तुम्ही आम्हाला एक स्टार दिलात. पशुखाद्याच्या हॉपरला (खाद्य भरायच्या टाकीला) तुम्ही आमच्याकडचा 500 किलोचा एस-टाइप लोडसेल, म्हणजे वजनाचा सेन्सर लावला, मधे आम्ही दिलेलं एलएम358 चिपचं अ‍ॅम्प्लिफायर मॉड्युल जोडून पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) 0–10 व्होल्ट इनपुटला दिलं. हॉपर भरलेला असो की रिकामा, आकडा वरच्या टोकालाच चिकटलेला. यात चार दिवस मिक्सर बंद राहिला. तुमचा राग रास्त आहे.

तुम्ही काउंटरवर ठेवून गेलेला लोडसेल मी स्वतः तपासला. लाल-काळ्या सप्लायच्या वायरींत 400 ओहमच्या आसपास, हिरव्या-पांढऱ्या सिग्नलच्या वायरींत 350, दोन्ही जसे हवेत तसे. 10 व्होल्ट देऊन 50 किलोचं वजन टांगलं, तर 2 मिलिव्होल्ट वाढले. वजन काढलं, काटा जागेवर आला. तेव्हा लोडसेल बोगस, हे मला मान्य नाही. मॉड्युलही बिघडलेलं नाही, पण ते या कामाचंच नव्हतं, आणि ते आम्ही तुमच्या हातात दिलं.

झालं काय ते सांगतो, कारण हाच घोळ घेऊन महिन्यातून दोघं-तिघं तरी येतात. तुमचा सेल 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा. 10 व्होल्ट सप्लायवर पूर्ण 500 किलोला मिळतात फक्त 20 मिलिव्होल्ट, म्हणजे किलोला 40 मायक्रोव्होल्ट. ते 500 पट केले की 10 व्होल्ट होतात, इथपर्यंत हिशोब सरळ आहे. पण हे 20 मिलिव्होल्ट हिरव्या आणि पांढऱ्या वायरींमधल्या फरकात असतात. ग्राउंडपासून मोजलं तर दोन्ही वायरी 5 व्होल्टच्या जवळपास बसलेल्या असतात. मॉड्युलला इनपुट एकच, म्हणून तुमच्या इलेक्ट्रिशियनने हिरवी इनपुटला आणि पांढरी ग्राउंडला लावली. मग मॉड्युल तो बारीक फरक सोडून अख्खे 5 व्होल्ट वाढवायला लागलं आणि वर जाऊन अडकलं. शिवाय पांढरी ग्राउंड झाल्याने सेलच्या आतल्या ब्रिजच्या (चार रेझिस्टरच्या जोडणीच्या) एका हातावर 5 ऐवजी 10 व्होल्ट आले, म्हणजे चौपट उष्णता. सेल वाचला, याचं मला खरंच बरं वाटलं.

वायरिंग सुधारूनही एलएम358 वर वजन बरोबर आलं नसतं. त्याचा स्वतःचा ऑफसेट, म्हणजे इनपुटची अंगभूत चूकच दोन-तीन मिलिव्होल्ट असते, म्हणजे तुमच्या हॉपरवर 50 ते 75 किलो. तो टेअर करून (रिकाम्या हॉपरवर आकडा शून्य करून) घालवता येतो, पण सकाळी केलेला टेअर दुपारी पत्र्याखालच्या उष्णतेने दीड-दोन किलोने सरकतो. इथे दोन्ही वायरींमधला फरक तेवढा उचलणारा इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरच लागतो. तो सुटा जोडत बसण्यापेक्षा तयार लोडसेल ट्रान्समीटर (हाच अ‍ॅम्प्लिफायर आत असलेला डबा) घ्यावा, असं माझं मत आहे.

“आउटपुट कुठे जोडणार?” हा एक प्रश्न आमच्या काउंटरवरच्या मुलाने विचारला असता, तर हे टळलं असतं. तुम्ही “अ‍ॅम्प्लिफायर द्या” म्हणालात आणि त्याने जे हाताशी होतं ते दिलं. त्याला मी शिकवलं नाही, म्हणून ती चूक माझी. तुमची माफी मागतो.

मिक्सर सुरू करून पाहिला, तर वर अडकलेला आकडाही नाचतो, असंही तुम्ही लिहिलंय. तो मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या विजेच्या गोंगाटाचा त्रास आहे. ट्रान्समीटर हॉपरजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवा, तिथून पॅनेलपर्यंत 4–20 मिलिअँपिअरचा करंट सिग्नल न्या. केबलचं शील्ड (वायरींवरचं धातूचं आवरण) पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करा, आणि ही केबल मोटरच्या केबलबरोबर एका ट्रेमधून नेऊ नका. पीएलसीला फक्त व्होल्टेज इनपुट असेल, तर 500 ओहमचा रेझिस्टर लावून 2 ते 10 व्होल्ट मिळतात. वायर तुटली तर आकडा 2 व्होल्टच्या खाली जातो आणि लगेच कळतं. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या, कारण 20 मिलिअँपिअरला त्यात 0.2 वॅट जातो आणि पाव वॅटचा तापतो.

मॉड्युलचे पैसे पूर्ण परत. ट्रान्समीटर आमच्या खरेदीच्या भावाने देतो, आणि 50 किलोच्या वजनावर कॅलिब्रेट करूनच देतो. सेल ठेवलेला आहे. येताना पीएलसीच्या अ‍ॅनालॉग कार्डचा फोटो तेवढा आणा. त्यात करंट इनपुट असेल, तर रेझिस्टरही लागणार नाही.