‘विमान तर उडणारच आहे’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: तुम्ही तिकीट काढा नाहीतर नका काढू, विमान उडणारच आहे, विमानांचा वाटा जेमतेम अडीच टक्के, प्रदूषण १०० कंपन्या करतात आणि शिक्षा तुम्हाला, कचरा उचलायला पगारी माणसं असतात, केळ्याची साल वगैरे तर नैसर्गिकच, मन खातच असेल तर चार झाडं लावा, आणि पर्यटनावर लाखोंची पोटं आहेत तेव्हा बिनधास्त फिरा. मला हा चौघांनी पाठवला, त्यातले दोघं माझ्याबरोबर ट्रेकला येणारे, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावंच.

आधी विमान. आजच्या फ्लाइटपुरतं ते खरं आहे, मी रात्री तिकीट कॅन्सल केलं म्हणून सकाळचं विमान थांबत नाही. पण पुढच्या सीझनला त्या रूटवर किती फेऱ्या ठेवायच्या हे एअरलाइन कशावर ठरवते? बुकिंगवरच ना. रिकामी सीट म्हणजे तोटा, म्हणून तर विमानं सरासरी ८० टक्क्यांच्या वर भरलेली असतात, आणि मागणी उतरली की फेऱ्या कमी होतात, छोटं विमान लागतं, कधी रूटच बंद होतो. एप्रिल २०२० मध्ये प्रवासी वाहतूक आदल्या वर्षीपेक्षा ९० टक्क्यांहून जास्त खाली आली तेव्हा स्पेनमधल्या तेरुएलला आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जला विमानं रांगेने उभी होती. ते लॉकडाउनमुळे होतं हे मान्य, पण प्रवासी नसले की विमानं उडत नाहीत एवढं तरी त्यातून दिसलं. त्याच्या आदल्या महिन्यात युरोपात रिकामी विमानं उडवल्याच्या बातम्या होत्या, त्याही खऱ्या, पण त्याचं कारण स्लॉटचा नियम होता, विमानतळावर मिळालेला स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरलेली वेळ, ८० टक्के वापरला नाही तर तो हातचा जातो, आणि तो नियम मार्च २०२० मध्येच बाजूला ठेवावा लागला.

अडीच टक्के हा आकडा बरोबर आहे पण तो फक्त कार्बन डायऑक्साइडचा. विमानामागे आकाशात जो पांढरा पट्टा दिसतो ना, तो बर्फाच्या कणांचा असतो, काही पट्टे लगेच विरतात, काही तासन्‌तास पसरत राहतात आणि रात्री तर जमिनीची वर जाणारी उष्णता अडवून धरतात. ते सगळं धरलं की तापमानवाढीतला वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. आणि हे टक्के कुणाचे आहेत तेही बघा. २०१८ मध्ये जगातले साधारण ११ टक्केच लोक विमानात बसले, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनातला जवळपास निम्मा भाग जेमतेम १ टक्का लोकांच्या सारख्या उडण्यातून आला असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे ‘माझ्या एकट्याने काय होतंय’ हे वाक्य जिथे सगळ्यात कमी लागू पडतं अशी ही जागा आहे, कारण इथे माणसंच थोडी आहेत, आणि हा मेसेज वाचणारे आपण बरेच जण त्या थोड्यांत आहोत.

आता त्या १०० कंपन्या. हा मुद्दा मला स्वतःला खूप दिवस पटलेला होता, म्हणून इथे जरा थांबते. आकडा २०१७ च्या कार्बन मेजर्स रिपोर्टमधला आहे, १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी ७१ टक्के वायू १०० उत्पादकांशी जोडलेले आहेत असं त्यात म्हटलंय. पण हे उत्पादक कोण? कोळसा, तेल आणि गॅस काढणारे. आणि त्यांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनातलं साधारण ९० टक्के त्यांच्या खाणीत किंवा रिफायनरीत होतच नाही, ते इंधन विकत घेऊन कुणीतरी जाळतं तेव्हा होतं. माझ्या गाडीतलं पेट्रोल, माझ्या फ्लाइटमधलं इंधन, हे सगळं त्या ७१ टक्क्यांत आधीच मोजलेलं आहे! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात कंपन्यांचा एक ढीग आणि माझा एक छोटासा ढीग असं चित्र होतं, आणि ढीग तर एकच निघाला. याचा अर्थ कंपन्यांना सोडून द्या असा अजिबात नाही, त्यांना धरायलाच हवं, सरकारांनाही. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत ट्रेनने जाता येतं अशा काही मार्गांवरची देशांतर्गत विमानं बंद केली, मार्ग मोजकेच होते, पण कायदा झाला. मला वाटतं असे कायदे टिकायचे तर ट्रेनने जाणारी माणसं आधी लागतात.

कचऱ्याचं बोलताना मला राग येतो, आधीच सांगते. पगारी माणसं उचलतात म्हणे. कुठे? बसस्टँडवर, हॉटेलच्या दारात. डोंगराच्या पायवाटेवर कोण येतं झाडू घेऊन? एव्हरेस्टवरसुद्धा शेवटी २०१४ मध्ये नेपाळला नियम करावा लागला की प्रत्येक गिर्यारोहकाने स्वतःच्या कचऱ्याशिवाय आणखी ८ किलो कचरा खाली आणायचा. आणि उचललेलं सगळं रिसायकल होतं असंही कुणी समजू नका, २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा तयार झाला होता त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला होता.

मी ट्रेकला एक पिशवी घेऊन जाते, उतरताना दिसेल ते उचलायचं. मोठी पाकिटं, बाटल्या कमी सापडतात हल्ली, लोक बऱ्यापैकी परत नेतात, खरंच. सापडतो तो कोपरा. पाकीट दाताने फाडलं की जो नखाएवढा त्रिकोणी तुकडा निघतो, एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने चंदेरी, तो. पाकीट खिशात जातं आणि हा तुकडा हातातून कधी सुटला ते कळतही नाही. पाऊस पडून गेला की तो मातीत अर्धा रुततो, गवताच्या मुळांत अडकतो, नखाने खरवडून काढावा लागतो. एकदा उतरताना तासाभरात मी असे शेचाळीस कोपरे वेचले होते आणि त्या वाटेवर बघितलं तर कचरा म्हणावा असा दिसत नव्हता. टाकणारे कुणी वाईट नव्हते, ते सगळे पाकीट परत नेणारेच होते. सिगारेटचं थोटूक तसंच, त्याचा फिल्टर कापसासारखा दिसतो पण तो सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, म्हणजे प्लास्टिकच.

साल नैसर्गिक आहे, बरोबर, पण थंड आणि कोरड्या जागी ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते, शिवाय प्राण्यांना एकदा सवय लागली की ते माणसांच्या मागे यायला लागतात आणि मग जीव त्यांचाच जातो. परत न्या, वजन ते काय असतं.

झाडं लावा, जरूर लावा, पण फ्लाइटच्या बदल्यात नको. विमानातला कार्बन आज हवेत जातो, झाड तो हळूहळू दशकांत शोषतं, आणि मधे झाड टिकलं पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या बूटलेग वणव्यात ऑफसेट म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून विकलेलं जंगलसुद्धा जळालं.

पोटांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण ज्या जागेवर ती पोटं आहेत ती जागाच गेली तर? थायलंडच्या माया बेमध्ये दिवसाला हजारो माणसं यायची, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडलं, शेवटी जून २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये उघडली ती बोटींना खाडीत मनाई आणि माणसांची संख्या ठरवून. मधल्या काळात तिथे काळ्या टोकाचे शार्क परत आले होते. पर्यटन तिथे आजही आहे, लोकांना कामही आहे.

मग घरी बसायचं का, असा प्रश्न येतोच. नाही हो. दोन दोन दिवसांच्या तीन ट्रिपांऐवजी आठवडाभराची एक करा, जमेल तिथे ट्रेन घ्या (ब्रिटनच्या सरकारी आकड्यांत देशांतर्गत विमानाचे माणशी दर किलोमीटरला साधारण २५० ग्रॅम हरितगृह वायू येतात आणि रेल्वेचे ४० च्या आसपास), उडायचंच असेल तर थेट फ्लाइट बघा कारण मिनिटाच्या हिशोबाने सगळ्यात जास्त इंधन टेकऑफला आणि वर चढताना जळतं. आणि पाकिटं घरीच फोडून डब्यात भरून न्या. मी मागच्या ट्रेकला तसंच केलं, परत येऊन पिशवी उलटी केली तर तेरा कोपरे निघाले, त्यातला माझा एकही नव्हता.