डेटा दडवून ठेवला म्हणजे जपला असं नाही

सोलापुरात पीएच.डी. करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: कच्चा डेटा कुणाला देऊ नका, चोरी होते; गूगल ड्राइव्हवर टाकला की निर्धास्त राहा; प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला की विषय संपला. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यांपायी मुलांची वर्षांची मेहनत वाया जाते.

आधी चोरीचं. लॅपटॉपमध्ये दडवलेला डेटा आपलाच होता, हे उद्या कशाच्या आधारे सांगणार? सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवत असलेल्या झेनोडो या ऑनलाइन डेटा-भांडारात तो फुकट ठेवता येतो आणि तारखेसह डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. पेपर छापून येईपर्यंत फाइल बंद ठेवायची सोयही आहे. आपल्या नावाची ही जाहीर नोंदच चोराला अडचणीत आणते.

सगळंच उघडं करा, असं मात्र मी म्हणत नाही. सर्वेक्षणात विडी कामगार बाईने आजारपण, कर्ज, मजुरी विश्वासाने सांगितलेली असते. तिचं नाव, पत्ता, मोबाइल काढून संकेतांक द्यायचा आणि नावांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवायची. छोट्या वस्तीत वय आणि कामाच्या जागेवरूनही माणूस ओळखू येतो, तेही तपासायचं. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोक या दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचं नेमकं ठिकाणही जाहीर करू नये. पण त्या माळावरच्या पक्ष्यांच्या जुन्या मोजणीच्या नोंदी हरवल्या, तर ते वर्ष पुन्हा मोजता येणार नाही.

ड्राइव्हचं म्हणाल, तर संस्थेचं खातं शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतं. वैयक्तिक गूगल खातं दोन वर्षं वापरलं नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं. दोन वेगळ्या साधनांवर प्रती हव्यात, त्यांतली एक घराबाहेर.

‘कुणी मागितला तर देऊ’ हेही पुरत नाही. २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ५१६ जुन्या पेपरांच्या लेखकांकडे डेटा मागून पाहिला होता. पेपर जितका जुना, तितका डेटा मिळणं कठीण. ईमेल बंद पडलेले, साठवणीची साधनं कालबाह्य झालेली.

शोधगंगेवर प्रबंधाची पीडीएफ असते. यंत्रमाग कामगारांच्या सर्वेक्षणातली सरासरी तिथे दिसेल, पण ‘प्रश्न ७’च्या रकान्यातला १ म्हणजे हो की नाही, हे कळणार नाही. रकान्यांचे अर्थ, एककं आणि गाळलेल्या नोंदींची कारणं सांगणारी साधी मजकुराची फाइल डेटासोबत हवीच. गाइडनी प्रबंधाच्या सिनॉप्सिसवर (सारांशावर) सही करण्याआधी ती मागावी.